राणीच्या पायथ्याशी

राजा मेला की राजाचं काम संपतं, कारकुनाचं तिथून सुरू होतं. हे वाक्य अंखफेन गुरुजींनी इतक्यांदा ऐकवलं होतं, की हमालसुद्धा आता ते त्यांच्याआधी पुरं करायचे. नाईलच्या पश्चिम काठावर, त्या बोडक्या डोंगराच्या पोटात जुन्या राजघराण्यांची थडगी होती. चोरांनी ती फोडली. सोनं गेलं, पेट्या फुटल्या, ताबीजं मिळतील म्हणून देहांवरची कापडं टराटरा फाडली गेली. मग पैलतीरावरच्या आमूनच्या देवळानं ठरवलं, की उरलेसुरले देह पुन्हा गुंडाळायचे, छातीवर शाईनं नाव लिहायचं आणि वरच्या एका लपलेल्या गुहेत सगळ्यांना एकत्र नेऊन ठेवायचं. चोरांच्या नजरेतून सुटलेलं सोनं अर्थातच देवळाकडे जायचं. त्याबद्दल कुणी बोलत नसे.

नावं लिहायचं काम गुरुजींचं. ऐकायला किती सोपं वाटतं! बसून बघा एकदा. एकाच नावाचे चार-चार राजे. भावाबहिणींची लग्नं. एकाच बाईच्या नावामागे कुठे राजाची मुलगी, कुठे राजाची बहीण, कुठे राजाची बायको. आता ती एकच की तिघी निरनिराळ्या, हे कुणी सांगायचं? त्यात चोरांनी एकाचं झाकण दुसऱ्याच्या पेटीवर फेकलेलं. आणि गुरुजींच्या आधी जे कारकून होऊन गेले, त्यांनी घाईगर्दीत काय खरडलं ते आमूनच जाणे.

कामावरचा अधिकारी पाशेद. थोरल्या पुजाऱ्याचा भाचा, आणि देवळाच्या शाळेत गुरुजींच्याच छड्या खाऊन शिकलेला. तो त्यांना अजून गुरुजीच म्हणे. गुरुजी त्याला चारचौघांत अहो-जाहो करत, आणि वैतागले की सरळ अरे-तुरेवर येत.

"गुरुजी, मामा म्हणतात की गुहेत सगळे क्रमानं ठेवायचे," पाशेद एके दिवशी सकाळीच म्हणाला. "बाप, मग मुलगा, मग नातू. कोण कुणाचा एवढं तुम्ही लावून द्या."

"एवढंच ना? मग एकेकाला उठवतो आणि विचारतो."

"थट्टा नको. कालचंच बघा. ज्याला तुम्ही बाप लिहिलंत तो विशीतला पोरगा दिसतो, आणि त्याचा मुलगा बोळका म्हातारा. असं कुठे असतं?"

"असतं. बाप विशीत गेला, मुलगा म्हातारा होऊन गेला. मेल्यावर वय वाढत नाही, पाशेद. हे तुला शाळेतही कळत नव्हतं."

हमाल फिदीफिदी हसले. पाशेदही हसला, तो तसा वाईट नव्हता, फक्त त्याला प्रत्येक गोष्ट संध्याकाळच्या आत संपवायची असे.

"पण खात्री आहे ना तुम्हाला?"

"खात्री हवी होती तर मढी हलवायच्या आधी यायचं होतंस. आता सगळा मामला बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर असा. बाप कुठून दाखवू मी?"

खरं सांगायचं तर गुरुजींची खात्री केव्हाच संपली होती. सुरुवातीला ते एकेका देहापाशी दिवस घालवत. दात बघत, कान टोचलेत का बघत, कापडाच्या कडेला विणकरानं सोडलेली खूण शोधत. मग एकदा त्यांच्या लक्षात आलं, की ते अडून बसले तर पाशेदसारखा कुणीतरी वाट्टेल ते नाव ठोकून देतो, आणि एकदा पांढऱ्यावर काळं झालं की पुढे तेच खरं मानलं जातं. तेव्हापासून ते अंदाजानं लिहीत आले. दर वेळी लिहून झालं की त्यांना तो तराजू आठवायचा, मेल्यावर देव एका पारड्यात पीस ठेवतात आणि दुसऱ्यात खोट्यानं जड झालेलं आपलं काळीज. आपलं पारडं किती खाली जाणार याचा हिशेब करायचाही आता त्यांना कंटाळा आला होता. गुडघे दुखत. उन्हात डोळ्यांतून पाणी गळे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं, घरी वाट बघणारं कुणी नव्हतं. झोप मात्र हवी असायची, सारखी.

त्या दिवशी उतारावरच्या एका लहान थडग्यातून दोन बायका बाहेर निघाल्या. चोरांनी दोघींनाही उजेडासाठी दारापर्यंत ओढत आणून तिथंच टाकलं होतं. अंगावर चिंधी नाही, सगळ्या देहाला राळ फासून फासून जळक्या लाकडासारखा काळा रंग आलेला. दोघी चणीनं लहान, दोघी वयानं कोवळ्या. पेट्यांच्या ढलप्या झालेल्या. त्यातल्या एका ढलपीवर अक्षरं उरली होती: राजाची पत्नी मेरितनूब.

"एक मेरितनूब झाली," पाशेद म्हणाला. "दुसरी कोण?"

"ठाऊक नाही."

"बरं, मेरितनूब यातली कुठली?"

"तेही ठाऊक नाही."

"वा! मग ठाऊक काय आहे?"

"की मला भूक लागलीय."

पाशेदनं कपाळाला हात लावला. "गुरुजी, गुहेत आता पाय ठेवायला जागा नाही. राजघराण्यातलं नाव असेल तोच देह वर जाणार, मामांनी बजावलंय. दुसरीचं नाव संध्याकाळपर्यंत लागलं तर ठीक. नाही लागलं तर तिला इथंच वाळूत सोडायचं."

"इथे कोल्ही आहेत."

"मग लावा नाव," म्हणून पाशेद खाली सावलीत जेवायला गेला. हमालही त्याच्या मागोमाग गेले. गुरुजींनी दोघींवर मिळून एक मोठी चटई टाकली आणि कामासाठी घातलेल्या मांडवात बसून कांदा फोडला.

तेवढ्यात पाण्याची घागर कमरेवर घेऊन तामित वर आली. उताराखालच्या वस्तीतली ही बाई. मेरितनूब राणीच्या थडग्यापुढे पाणी घालायचं काम तिच्या घराण्याकडे पिढीजात आलेलं. त्या कामाबद्दल राणीच्या देवळातून रोट आणि जवाची दारू मिळायची, ती देवळाबरोबरच बंद पडली. पाणी मात्र तामितनं बंद केलं नव्हतं. गावातले लोक हसायचे, की नाव राणी आणि देवळात दिवा नाही, आणि हिची सेवा चाललीच आहे. फुटलेलं दार, मांडव आणि चटई बघून ती जागीच थांबली. मग घागर खाली ठेवून चटईच्या कडेला बसली.

"दोघींनाही नेणार ना, दादा?" तिनं विचारलं.

गुरुजींचा घास तोंडातच राहिला. चटई जमिनीपर्यंत टेकलेली होती. खाली एक देह आहे की दोन, हे बाहेरून कुणालाही कळणं शक्य नव्हतं.

"खाली दोघी आहेत हे तुला कुणी सांगितलं?"

तामित नुसती पदराच्या टोकानं चटईवरची वाळू झाडत राहिली.

"बाई, मी म्हातारा माणूस आहे. मला कोडी घालू नकोस. राणीच्या थडग्यात दुसरी कोण आहे?"

"माझी शेरित," ती म्हणाली.

मग तिनं सगळं सांगितलं, थांबत थांबत. शेरित तिची एकुलती एक पोर. ऐन वयात तापानं गेली. तामितचा नवरा गाढवं हाकायचा, देह सुकवायला लागणारा खार मढी टिकवणाऱ्या कारागिरांकडे पोचवायचा. त्यांच्यातल्या एकानं त्याच्या ओळखीखातर पोरीचा देह नीट सुकवून दिला, कुठल्याशा मोठ्या घरची उरलेली राळही फासली. पण पुरायचं कुठे? वस्तीतल्या लोकांची थडगी म्हणजे वाळूतले खड्डे. त्याच साली कोल्ह्यांनी शेजारणीचं तान्हं उकरून नेलं होतं. नेमकं तेव्हाच राणीचं थडगं पहिल्यांदा फुटलं होतं आणि रखवालदारांनी दार पुन्हा लिंपायला घेतलं होतं. चिखल ओला होता. नवराबायकोनं पोरीला आत नेलं आणि राणीच्या पायथ्याशी ठेवलं.

"राणीबाईंना सांगितलं मी," तामित म्हणाली. "म्हटलं, आजी-पणजीपासून तुमच्या तोंडी पाणी घातलंय, आता माझी पोर पायाशी घ्या. त्या काही नाही म्हणाल्या नाहीत."

"मेलेली माणसं नाही म्हणत नसतात."

"हो म्हणणारी तरी जिवंत कुठे भेटतात, दादा?"

गुरुजींना एकदम संताप आला. तिचा नाही, सगळ्याचाच. आयुष्यभर मेलेल्यांची कुळं लावली, आता जिवंत माणसंही आपापली मढी घेऊन दारात यायला लागली!

"मला कशाला सांगितलंस हे? पाशेदच्या कानावर गेलं तर तो तुझ्या तळपायांवर काठ्या घालील, आणि पोर जाईल वाळूत ती जाईलच."

"म्हणून तर तुम्हाला सांगितलं. त्याला नाही सांगितलं." तिनं हात जोडले नाहीत की ती रडली नाही. "नावाशिवाय तिकडे तिला कोण हाक मारणार? इथे मी होते तोवर रोज दारातून नाव घेत होते. तुम्ही तिला गुहेत न्याल तिथे मला येता येणार नाही. वाळूत सोडलीत तर कोल्ही नेतील. तुम्हीच सांगा आता आईनं काय करायचं ते."

"तिला वर न्यायची तर राजकन्या म्हणून लिहावं लागेल. धडधडीत खोटं. उद्या माझं काळीज तराजूत घालतील, तेव्हा काय सांगू?"

"आजवर लिहिलंत ते सगळं खरं होतं का?"

गुरुजींच्या हातातला कांदा तसाच राहिला, त्यावर माशा बसल्या.

"नव्हतं," ते म्हणाले.

"मग एक माझ्यासाठी लिहा."

ते उठले. उठताना गुडघा कडकन वाजला आणि त्यांनी त्याला आईवरून शिवी घातली. चटई बाजूला केली. "बघ. तुझी कुठली?"

तामितनं एकीचं तोंड पाहिलं. मग दुसरीचं. पुन्हा पहिलीकडे आली, हात बघितले, पाय बघितले. दुसरीचेही. तिला इतका वेळ लागला की गुरुजी पाशेद येतोय का ते बघायला उताराच्या कडेपर्यंत जाऊन आले.

"लवकर, बाई."

"ही," ती म्हणाली. "हे बघा, डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलीय. लहानपणापासून तशीच होती तिची. मी रोज तेल लावून ओढायची."

गुरुजींनी वाकून बघितलं. करंगळी खरंच चढलेली होती. दुसरीचे पाय बघायचे तर वळसा घालून पलीकडे जाऊन पुन्हा वाकावं लागलं असतं. त्यांनी मान डोलावली आणि कापडाचे गठ्ठे ओढून घेतले.

दोघांनी मिळून दोघींना गुंडाळलं. तामितचा हात सराईत होता, पट्टीला कुठे सुरकुती पडू देत नव्हती. मग गुरुजींनी शाई कालवली. एकीच्या छातीवर लिहिलं: राजाची पत्नी मेरितनूब. तामितनं दाखवलेल्या दुसरीवर लिहिलं: राजाच्या पोटची, राजकन्या शेरित. इथवर बोरू सुरळीत चालला. पुढे रिवाजानं आईचं नाव यायचं असतं. मेरितनूब लिहून टाकलं असतं तर कुणी काही विचारलं नसतं. आई आणि मुलगी, एकाच थडग्यात, छान जमलं असतं. बोरूवर थेंब जमला. या सगळ्या लिहिण्यात एक तरी शब्द खरा असू दे, असं गुरुजींच्या मनात आलं, आणि त्यांनी लिहिलं: आई तामित.

पाशेद आला तो तोंड पुसतच. त्यानं वाकून वाचलं, पुन्हा वाचलं. तामित घागर घेऊन मांडवाच्या खांबाला टेकून उभी होती.

"शेरित. कुठे सापडलं हे नाव?"

"लागलं."

"आणि तामित कोण?"

"तिची आई."

"ते दिसतंय हो. पण आई मेरितनूब नाही का?"

"राजांना एकच बायको असते का? तुझ्या मामांना किती आहेत?"

हमालांपैकी कुणीतरी खोकला. पाशेदनं हनुवटी खाजवली. शाळेत हिशेबात तो हुशार होता. "थांबा. मुलगी राजाची, म्हणजे आई राजाची बायको झाली. मग नुसतं तामित कसं चालेल? मामा विचारतील, ही कोण टिकोजीराव. राजपत्नी तामित असं लिहा."

गुरुजींनी त्याच्याकडे पाहिलं. मग निमूटपणे तामितच्या नावाआधी राजपत्नी असं लिहिलं.

"कुठल्या राजाची?" पाशेदनं विचारलं.

"ते कुठेच लिहिलेलं नाही."

"मग राहू द्या. कुणी ना कुणी राजा असेलच." तो समाधानानं सरळ झाला, आणि खांबाशी उभ्या बाईवर ओरडला, "ए आजीबाई, बाजूला हो. राण्या चालल्यात, दिसत नाही का?"

"मालक, पाणी घालू द्या. शेवटचं," राजपत्नी तामित म्हणाली.

"घाल, पण आटप."

तिनं घागर उचलली. एकीच्या डोक्याशी थोडं पाणी घातलं आणि कानाशी तोंड नेऊन काहीतरी बोलली. मग दुसरीच्या डोक्याशी घातलं, तिच्याशीही तितकाच वेळ बोलली. पाशेद तोवर दोऱ्या तपासत होता. गुरुजींना वाटलं, बरोबर आहे, राणीचाही निरोप घ्यायला हवा. मग हमालांनी दोन्ही देह फळ्यांवर बांधले, खांद्यावर घेतले आणि चढणीला लागले. पाशेद त्यांच्या पुढे होता.

गुरुजींनी बोरू, शाई गुंडाळून घेतली. खाली उतरायची वाट एकच, म्हणून दोघं बरोबरच निघाले. ऊन कलंडलं होतं. तामितनं त्यांच्या हातातली झोळी काढून स्वतःच्या खांद्यावर घेतली.

"काय लिहिलंत ते एकदा म्हणून दाखवा."

"राजाच्या पोटची, राजकन्या शेरित. आई राजपत्नी तामित."

ती आधी चालता चालता थांबली, मग हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला. "राजपत्नी! अहो, तो गाढवं हाकायचा! अंगाला खाराचा वास यायचा, जवळ बसवत नसे. तिकडे त्याला कळलं तर काय म्हणेल? मी मेल्याबरोबर बायको राजाकडे गेली म्हणेल."

"आता ते पुसता येत नाही," गुरुजी म्हणाले. त्यांनाही हसू आलं. कितीतरी दिवसांनी. "आता जगाच्या अंतापर्यंत लोक डोकं खाजवत बसतील, ही तामित कुठल्या राजाची म्हणून."

थोडं खाली गेल्यावर वाटेत एक सपाट दगड होता, त्यावर तामित बसली. गुरुजीही बसले, त्यांना तेवढं निमित्तच हवं होतं.

"दादा, एक सांगू? रागावू नका."

"रागवायला जोर लागतो. तो सकाळीच संपला."

"ती करंगळी." ती आपल्या पायांकडे बघत होती. "दोघींचीही तशीच होती."

गुरुजींना आधी अर्थच लागला नाही.

"पट्ट्या आवळून बांधतात ना, सगळ्यांचीच चढत असेल. मी दोघींचे पाय पाहिले. तोंडं पाहिली. हात हातात घेऊन पाहिले. पोटची पोर, दादा. नऊ महिने वाहिली, अंगावर पाजली, आणि मला ओळखू आली नाही." आता ती रडली. अंत्यविधीला बायका रडतात तशी मोठ्यानं नाही, नुसतं पाणी वाहू दिलं.

गुरुजींनी वळून वर बघितलं. चढणीवर हमाल अजून दिसत होते, दोन फळ्या, पांढऱ्या. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. ते अर्धवट उठलेही. पण हाक मारून सांगणार काय? नावं बदला? बदलून तरी बरोबर होतील कशावरून? ते पुन्हा दगडावर बसले.

"मग बोट कशाला दाखवलंस तिच्याकडे?"

"दाखवलं नसतं तर तुम्ही लिहिलं असतं का?"

 दोघं नदीकडे बघत बसले. पैलतीरावर देवळाच्या ध्वजकाठ्या दिसत होत्या.

"पण बाई," गुरुजी शेवटी म्हणाले, "चुकलं असेल तर तिकडे शेरित म्हणून हाक येईल ती राणीला. आणि तुझी पोर वाट बघत राहील."

"नाही राहणार." तामितनं पदरानं तोंड पुसलं आणि झोळी उचलली. "पाणी घालताना दोघींच्याही कानात दोन्ही नावं सांगून आलेय. म्हटलं, बायांनो, वर काय लिहिलंय ते बघूच नका. हाक कुणाच्याही नावानं येऊ दे, दोघींनीही ओ द्यायची."